हॉट टबचा बोर्ड 'गेला' म्हणण्याआधी हे तपासा

अमेरिकेत बॅकयार्डमध्ये हॉट टब असलेलं घर घेतलं की पहिली दोनतीन वर्षं मजेत जातात आणि मग एखाद्या जानेवारीत पॅनेलवर काहीतरी विचित्र अक्षरं लुकलुकायला लागतात. टेक्निशियन येऊन झाकण उघडतो, "बोर्ड गेलाय" (बोर्ड म्हणजे टबचे पंप, हीटर चालवणारं सर्किट बोर्ड) म्हणतो आणि काहीशे डॉलरचा आकडा सांगतो. कधीकधी बोर्ड खरंच गेलेला असतो, पण बऱ्याचदा दोष फिल्टर, सेन्सर, हीटर किंवा एखाद्या सैल वायरचा असतो आणि शिक्षा बोर्डाला होते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की बाकी सगळं निर्दोष सुटेपर्यंत नवीन बोर्ड मागवायचा नाही.

सुरुवात वीज बंद करण्यापासून, आणि इथे आपल्याकडच्या सवयी जरा बाजूला ठेवा. भारतात एक फेज, एक न्यूट्रल आणि अर्थ असतं, इथे मोठ्या टबला चार वायर येतात, दोन हॉट (म्हणजे फेज), एक न्यूट्रल, एक ग्राउंड (म्हणजे अर्थ). कुठल्याही एका हॉटपासून न्यूट्रलपर्यंत १२० व्होल्ट, आणि दोन हॉटमध्ये २४०. गावाकडून आणलेला टेस्टर लावलात तर दोन्हीकडे दिवा लागेल आणि डोकं चक्रावेल, त्यामुळे टेस्टर ठेवून द्या आणि बरा मल्टीमीटर घ्या. टबपासून निदान ५ फुटांवर, टबवरून दिसेल असा डिसकनेक्ट बॉक्स असतो, त्यात बहुतेक ५० अँपिअरचा जीएफसीआय ब्रेकर (वीज जमिनीकडे गळली की लगेच उडणारा) असतो, तो बंद करा. मग मीटर आधी घरातल्या चालू प्लगवर लावून तो नीट दाखवतोय ना ते बघा, आणि त्यानंतर बोर्डाच्या मेन टर्मिनलवर हॉट-हॉट, दोन्ही हॉट ते न्यूट्रल, दोन्ही हॉट ते ग्राउंड, सगळीकडे शून्य येतंय का ते बघा. शून्य आल्याशिवाय आत हात घालायचा नाही. पुढे काही मापं वीज चालू ठेवूनच घ्यावी लागतात, ती कोरड्या जागी उभं राहून, दुसरा हात खिशात ठेवून घ्या, आणि मनात जराही धाकधूक असेल तर तेवढं काम इलेक्ट्रिशियनला द्या, त्यात लाज कसली.

कव्हर काढल्यावर कशालाही हात लावायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा. वायरिंगचा, जंपरचा (दोन पिना जोडणारा छोटा तुकडा), डिप स्विचचा (बोर्डाची सेटिंग ठरवणारे इवलेसे स्विच), बोर्डावरच्या नंबरचा. नंतर हेच फोटो वाचवतात. मग नुसतं बघा आणि वास घ्या: काळपट पडलेलं टर्मिनल, वितळलेलं प्लास्टिक, डोकं फुगलेला कपॅसिटर, मुंग्या (हो, रिलेत, म्हणजे बोर्डावरच्या वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये, मुंग्या शिरतात), उंदराने कुरतडलेली वायर. हीटरच्या किंवा पंपाच्या जोडणीपाशी जळकट डाग असेल तर मूळ दोष बहुतेक सैल जोडणीचा असतो, तिथे गरमी वाढत जाते आणि शेवटी बोर्ड भाजतो.

आता पॅनेलवरची ती अक्षरं, म्हणजे कोड. बाल्बोआ कंपनीचे बोर्ड खूप टबमध्ये असतात म्हणून त्यांचंच सांगतो. एफ-एल किंवा एच-एफ-एल असं काही आलं तर पाण्याचा प्रवाह कमी आहे, बोर्डाकडे बघूही नका, फिल्टर बाहेर काढून टब चालवा, कोड गेला तर फिल्टर धुवा नाहीतर बदला. नुकतंच पाणी बदललं असेल तर पंपात हवा अडकलेली असते. डी-आर म्हणजे हीटरमध्ये पाणी नाही असं बोर्डाला वाटतंय, तेही बहुतेक याच कुटुंबातलं. ओ-एच म्हणजे पाणी जास्त तापलंय. एस-एन ने सुरू होणारे कोड सेन्सरचे, तिथे वीज बंद करून दोन्ही हीटर-सेन्सर बोर्डावरून काढा आणि ओहम मोजा. टबमध्ये एकसारखेच दोन सेन्सर असतील तर एकाच तापमानाला दोघांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत, एक फारच वेगळा आला तर चोर तोच. सेन्सर बोर्डाच्या मानाने अगदी स्वस्त असतो.

ब्रेकर सारखा ट्रिप होत असेल तर मात्र जरा चिकाटी हवी. जीएफसीआय ५ मिलीअँपिअरच्या आसपासच्या गळतीलाही उडतो. पद्धत अशी, की वीज बंद करून एकेक लोड सोडवायचा, पहिल्यांदा हीटर (दोन्ही टोकं), मग ओझोनेटर (ओझोनने पाणी शुद्ध करणारं यंत्र), मग पंप, आणि दर वेळी ब्रेकर चालू करून बघायचं. सोडवलेली टोकं उघडी लोंबू देऊ नका, नीट इन्सुलेट करा. हीटर काढल्यावर ब्रेकर टिकला तर हीटरच फाटलाय. काहीजण मल्टीमीटरने हीटर ते ग्राउंड ओहम मोजतात आणि अनंत आलं म्हणून हीटरला क्लीन चिट देतात, पण मीटरची बॅटरी केवढीशी, २४० व्होल्टला जी गळती होते ती तिच्याने दिसेलच असं नाही. म्हणून सोडवून बघणंच खरं. सगळं सोडवूनही ट्रिप होत असेल तर बोर्ड किंवा केबल, आणि टबकडे जाणाऱ्या वायर ब्रेकरवरूनच काढल्या तरी उडत असेल तर ब्रेकरच खराब. नवीनच बसवलेला टब पहिल्या दिवसापासून उडत असेल तर टबचा न्यूट्रल ब्रेकरवर न जोडता थेट न्यूट्रल पट्टीवर जोडलाय का ते बघा, ही चूक फार कॉमन आहे.

पाणी तापत नसेल तर हीटरचा दिवा लागलेला असताना हीटरच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. २४० येतंय आणि तापत नाही म्हणजे हीटर मेला. वीज बंद करून त्याचा ओहम बघा, ५.५ किलोवॅटच्या हीटरचा साधारण १०.५ ओहम येतो. दोन टोकांमध्ये शून्य, पण प्रत्येक टोक ते ग्राउंड १२० दाखवतंय? मग दोनपैकी एकच रिले लागतोय, दुसऱ्याच्या बाजूने वीज येतच नाही, तीच वीज हीटरमधून पलीकडच्या टोकाला दिसते. हा दोष मात्र खरंच बोर्डाचा.

आणि इथे सोल्डरिंग येत असेल तर पूर्ण बोर्ड कशाला बदलायचा, रिले काही डॉलरचा असतो. त्याच्यावर छापलेला कॉइल व्होल्टेज आणि कॉन्टॅक्टचे अँपिअर बघून तंतोतंत तसाच घ्या, कमी अँपिअरचा चालवून घेऊ नका. जुना काढताना घाई केली तर तांब्याचा ट्रॅक उखडतो, डीसोल्डर पंप वापरा. ट्रॅकच जळून कोळसा झाला असेल तर मात्र रिले बदलून भागत नाही, नवीन बोर्ड. फ्यूज उडाला असेल तर तोच प्रकार आणि तेवढ्याच अँपिअरचा, आणि हाय-लिमिट सेन्सर (पाणी फार तापलं की हीटर बंद करायला लावणारा) कधीही बायपास करायचा नाही, १०४ फॅरनहाइटच्या वर माणसाने बसायचं पाणीच नाही ते.

पॅनेल कोरं आहे पण वीज चालू करताना रिलेची टकटक ऐकू येते आणि पंप फिरतो? मग पॅनेल किंवा त्याची केबल बघा, बोर्ड जिवंत आहे.

शेवटी नवीन बोर्ड लागलाच तर टबच्या ब्रँडवरून मागवू नका, जुन्या बोर्डावरचा पार्ट नंबर आणि चिपवरचा नंबर दोन्ही जुळवा, आणि डिप स्विच फोटोत होते तसेच लावा, नाहीतर बोर्डाला वाटेल एकच पंप आहे. थंडीत काम लांबणार असेल आणि बाहेर गोठणबिंदूच्या खाली जाणार असेल तर टब रिकामा करून पाइपातलं पाणी शॉप व्हॅकने (पाणीही ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने) ओढून घ्या, नाहीतर पाइप फुटण्याचा खर्च बोर्डाच्या वर जाईल. सगळं जोडून झालं की टबचं झाकण लावून तासभर तापमान बघा. ४०० गॅलनचा टब आणि ५.५ किलोवॅटचा हीटर असेल तर तासाला साधारण ५ ते ६ फॅरनहाइट वाढायला हवं. दीडच्या आसपासच वाढत असेल तर हीटरला २४० ऐवजी १२० मिळतंय, कारण अर्ध्या व्होल्टेजला वॅट पाव होतात. तसं असेल तर परत कव्हर उघडा आणि वायर कुठल्या टर्मिनलला गेलीय ते फोटोशी ताडून बघा.