सपाट जेपेगमधल्या अक्षरांचा ग्रेडियंट बदलताना

चवथ महिन्यावर आली की गोव्यातल्या डीटीपीवाल्यांच्या टेबलावर एकच काम फिरून फिरून येतं. गेल्या वर्षीचा बॅनर घ्या, तारीख बदला आणि 'सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ' ही पिवळ्या-लाल छटेतली अक्षरं दुसऱ्या रंगात करा. मूळ फाईल कुणाकडेच नसते. असते ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली जेपेग. तिच्यात अक्षरं, पांढरी किनार, सावली आणि मागचा निळा रंग, सगळं एकाच थरात चिकटलेलं असतं.

आधी फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा मागवा. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकसतं. रुंदी १६०० पिक्सेल उरली, तर दहा फुटी फ्लेक्सवर इंचाला जेमतेम १३ पिक्सेल येतात. आणि फॉन्ट ओळखीचा असेल, दोन-तीनच शब्द असतील, तर सरळ नवीन टाईप करा. खालची कृती हातानं काढलेल्या किंवा फॉन्ट सापडत नसलेल्या अक्षरांसाठी आहे.

बहुतेक जण पहिल्यांदा फोटोशॉपमधल्या मॅजिक वँडकडे, म्हणजे क्लिक केलेल्या रंगासारखा भाग निवडणाऱ्या टूलकडे वळतात. ग्रेडियंटवर, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात सरकणाऱ्या छटेवर, ती फसते, कारण ती रंग जुळवत जाते आणि इथे रंग वरून खाली सतत बदलतो. टॉलरन्स (रंगात किती फरक चालेल तो आकडा) कमी ठेवला तर अक्षराचा एक पट्टा निवडला जातो, वाढवला तर किनारही येते. त्यात देवनागरीची आणखी एक अडचण आहे. 'कंटिग्युअस' (फक्त एकमेकांना जोडलेला भाग निवडणं) चालू असेल तर शिरोरेखेमुळे सगळा शब्द एका क्लिकमध्ये येतो, पण 'मंडळ'चा अनुस्वार सुटा असल्यामुळे मागे राहतो. छापून आल्यावर एकच टिंब जुन्या रंगात दिसतं.

म्हणून रंगाच्या मागे न लागता चॅनेल बघा. प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलच्या ० ते २५५ आकड्यांनी बनतो. पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. लाल म्हणजे २५५, ०, ०. दोघांचा लाल चॅनेल भरलेला आणि निळा रिकामा. गडद निळ्या पार्श्वभूमीचा लाल चॅनेल शून्य. पांढऱ्या किनारीचे तिन्ही चॅनेल भरलेले. आता लालमधून निळा वजा केला, तर पांढरी किनार २५५ वजा २५५ म्हणजे काळी होते, पार्श्वभूमीही काळी होते आणि फक्त अक्षरं पांढरी उरतात. ग्रेडियंट कितीही बदलत असो, मुखवटा, म्हणजे अक्षरांची पांढरी-काळी निवड, एकसारखा येतो. अक्षरं दुसऱ्या रंगाची असतील तर हाच हिशेब त्या रंगांवर करा. अक्षराचं दुसरं टोक आणि पार्श्वभूमी दोन्ही लाल असतील, तर मात्र कोणताही चॅनेल त्यांना वेगळं करत नाही. तिथे पेन टूलनं कड काढण्याला पर्याय नाही.

फोटोशॉपमध्ये चित्राची प्रत घेऊन ती 'इमेज साईझ'मधून ४०० टक्के मोठी करा, पद्धत 'बायक्युबिक स्मूदर'. हे आधीच करायचं. मग 'कॅल्क्युलेशन्स'मध्ये सोर्स १ निळा, सोर्स २ लाल, ब्लेंडिंग 'सबट्रॅक्ट', रिझल्ट 'न्यू चॅनेल'. अक्षरं काळी दिसली तर दोन सोर्सची अदलाबदल करा. गिंप या दुसऱ्या चित्र-संपादन प्रोग्रॅममध्ये 'कलर्स', 'कंपोनन्ट्स', 'डिकंपोज' असं जाऊन आरजीबीचे थर करा, हिरवा थर लपवा, निळा लालच्या वर आणून त्याचा मोड 'सबट्रॅक्ट' ठेवा.

नव्या चॅनेलच्या कडा मऊ आणि दातेरी दिसतील. बहुतेक जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईनं साठवलेली असते, त्याचा हा परिणाम. २ पिक्सेलचा गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्या, मग 'लेव्हल्स'मध्ये काळा बिंदू ९० आणि पांढरा १६५ वर आणा, म्हणजे ९० खालचं सगळं काळं आणि १६५ वरचं सगळं पांढरं होतं. कड लगेच घट्ट होते. हे दोन आकडे १२८ च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असले की अक्षराची जाडी बदलत नाही. दोन्ही खाली सरकवले तर अक्षर जाड होतं, वर सरकवले तर बारीक. दोन्ही अगदी चिकटवू नका. कडेवरची दोन-तीन पिक्सेलची करडी पट्टी उरलीच पाहिजे, नाहीतर कड करवतीसारखी दिसते. नवा ग्रेडियंट याच मोठ्या मापात भरला जाणार असल्यामुळे तयार अक्षरं मूळ चित्रापेक्षाही स्वच्छ येतात.

आता जुनी अक्षरं पुसा. ही पायरी गाळली की नव्या अक्षरांभोवती पिवळी-लाल झालर राहते, आणि या कामातली सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. चॅनेलवर कंट्रोल धरून क्लिक करा, निवड 'एक्सपांड'नं ८ ते १० पिक्सेल वाढवा. अक्षराला पांढरी किनार असेल तर निवड तिच्या बाहेर न जाईल इतकीच वाढवून आत पांढरा भरा. किनार नसेल तर पार्श्वभूमीचा रंग भरा. पार्श्वभूमीच छटेची असेल तर आजूबाजूचं बघून जागा भरणारं 'कंटेंट-अवेअर फिल' डाग पाडतं. ती छटा नव्यानं ओढणं बरं.

वर नवीन थर घ्या, पूर्ण थरावर ग्रेडियंट ओढा आणि मग चॅनेलची निवड लेयर मास्क म्हणून लावा. ग्रेडियंट शिफ्ट धरून शिरोरेखेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या पायापर्यंतच ओढायचा. वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत ओढला तर मुख्य अक्षराच्या वाट्याला छटेचा मधलाच भाग येतो आणि बॅनर फिका वाटतो. ओढलेल्या अंतराबाहेर टोकाचा रंग तसाच पुढे जातो, त्यामुळे वेलांट्या, रफार वरच्या रंगात आणि उकार खालच्या रंगात आपोआप भरतात. प्रत्येक शब्दाला वेगळा ग्रेडियंट देऊ नका. ओळीत शब्दागणिक रंगाची उंची बदलते.

रंग निवडताना मधला बिंदू काढून बघा. पिवळा ते निळा साध्या आरजीबीत नेला तर मध्ये १२८, १२८, १२८ येतो, म्हणजे राख. लाल ते हिरवा नेला तर मळकट शेवाळी. मध्यावर, ५० टक्क्यांवर, तिसरा स्वच्छ रंग ठेवा: लाल आणि हिरव्यामध्ये पिवळा, पिवळ्या आणि निळ्यामध्ये हिरवा. दोन जवळचे रंग मोठ्या उंचीवर पसरवले तर फ्लेक्सवर पट्टे दिसतात. 'डिदर' (जवळच्या रंगांचे ठिपके मिसळणं) चालू ठेवा आणि थरावर १ ते २ टक्के नॉइज (बारीक रवाळपणा) द्या.

अक्षरांना उठावाची चमक असेल तर नुसता रंग ओतून ती मरते. थराचा मोड 'कलर' केला तर चमक राहते, पण पिवळ्याचा उजेडही राहतो. गडद निळा मागितला तर फिकट आकाशी मिळतो. अशा वेळी न पुसलेल्या जुन्या अक्षरांवरच त्याच मास्कसह 'ग्रेडियंट मॅप' लावा. काळपट भागाला एक रंग, उजळ भागाला दुसरा. जुनी छटा पिवळ्याकडून लालकडे, म्हणजे उजेडाकडून अंधाराकडे एकाच दिशेनं जाते, म्हणून हे जमतं. मध्येच उजळून पुन्हा गडद होणाऱ्या छटेवर नवे रंगही उलटसुलट येतात.

छपाईला देण्याआधी सीएमवायके प्रूफ, म्हणजे छपाईच्या चार शाईंत रंग कसे दिसतील ती झलक, बघा. झगझगीत हिरवा आणि निळा तिथे हमखास मंदावतो. थर असलेली पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाईल) मंडळाकडे डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, म्हणजे पुढच्या चवथीला चॅनेल पुन्हा काढावे लागणार नाहीत.