लॅव्हेंडर: पाऊस येण्याआधी आळी मोडा

पावसाची चिन्हे दिसू लागली की लॅव्हेंडरच्या वाफ्यात पहिले काम एकच: झुडपांभोवतीची आळी, म्हणजे पाणी धरायला केलेले गोल खळगे, मोडून टाका. खत, छाटणी, फवारणी सगळे मागाहून. हे झुडूप पाण्यावाचून मेले असे फार कमी वेळा घडते. मरते ते बुडख्याशी साचलेल्या पाण्याने, आणि ते पाणी साचायची सोय बहुतेक वेळा खुरपे घेऊन आपणच करून ठेवलेली असते.

लॅव्हेंडर मूळचे भूमध्य समुद्राभोवतालच्या मुलखातले. तिथे पाऊस पडतो थंडीत, उन्हाळा जातो कोरडा. म्हणजे या मुळांना थंडीतली ओल माहीत आहे आणि उष्णतेतली कोरडही. ऊब आणि ओल एकत्र आली की ती हरतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात खरे लॅव्हेंडर, म्हणजे लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया, चुनखडीच्या डोंगरउतारांवर वाढते. तिथल्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या तेलासाठी ८०० मीटरच्या वरच्याच लागवडीतली फुले चालतात. दगडगोट्यांची जमीन, पाणी पडले की उताराने खाली. तेच झुडूप आपण शेणखताने मऊ केलेल्या सपाट वाफ्यात लावतो, भोवती छान गोल आळे करतो आणि त्यात बादली रिकामी करतो.

अशा ओलीत मुळांवर येतो फायटोप्थोरा. याला सगळे बुरशी म्हणतात, पण नाते शैवालांशी जवळचे आहे. त्याचे बीजाणू पाण्यात शेपटीने पोहत मुळापर्यंत जातात. माती काही तास तुडुंब राहिली तरी त्यांचे काम होते. पोहायला पाणीच मिळाले नाही तर हा रोग फारसा पुढे सरकत नाही. म्हणून आळे मोडणे हे या झाडाचे सर्वांत स्वस्त औषध.

खरी फसगत पुढे आहे. मुळे कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झुडूप मान टाकते. बघणाऱ्याला वाटते तहान लागली. तो आणखी पाणी घालतो, आणि आठवड्यात झुडूप वाळून काडी होते. पाण्याला हात घालण्याआधी हे बघा:

– तहानलेले झुडूप सगळीकडून सारखेच मलूल होते आणि पाणी मिळाले की रात्रीतून सावरते. मूळकुजीत आधी एखादी फांदी किंवा एकच बाजू करडी पडते, पुढे तपकिरी होते.
– वाळकी काडी मातीत ७-८ सेंमी खोल घालून काढा. काडीला ओली माती चिकटून आली आणि झुडूप तरी मलूल असेल, तर पाणी बंद.
– बुडख्याची साल नखाने खरवडा. खाली हिरवट पांढरे असेल तर जीव आहे, तपकिरी असेल तर ती बाजू गेली.
– एखादे बारीक मूळ चिमटीत ओढा. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्याएवढा गाभा उरतो.

एक आडाखा: बुडख्याजवळच्या मातीवर हिरवे शेवाळ धरले असेल तर बाकी काही तपासत बसू नका. ती जागा या झाडाची नाही.

जागेचा निचरा मोजायला ३० सेंमी खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरून पट्टी लावा. तासाला २.५ ते ५ सेंमी पाणी उतरले तर ठीक. त्याहून कमी उतरत असेल तर तिथे सपाट लागवड करूच नका. ३० ते ४५ सेंमी उंच गादीवाफा किंवा ढीग करून माथ्यावर रोप लावा. आळ्याच्या नेमके उलट, माती खोडाकडून बाहेर उतरती. झुडपे आधीच जमिनीत असतील तर आळे मोडून तीच माती बाहेर ओढा, आणि वरच्या अंगाने येणारे पाणी वळवायला १५-२० सेंमी खोल चर काढा. मातीला वाफसा, म्हणजे जादा पाणी उतरून हवा खेळण्याजोगी ओल, पटकन यावा, एवढ्यासाठीच ही सगळी धडपड.

चिकण मातीत दोन घमेली वाळू टाकून निचरा होईल या भ्रमात राहू नका. थोडी वाळू आणि चिकण माती मिळून विटेसारखा गोळा होतो. वाळू टाकायचीच तर जाड, आणि मातीच्या जवळपास निम्मी. तेवढी नसेल तर सरळ उंच ढीग करा. पालापाचोळ्याचे आच्छादन बुडख्यापाशी नको, ते ओल धरून ठेवते. तिथे ३ ते ५ सेंमी जाड खडीचा थर द्या. पावसाच्या थेंबांनी उडणारी मातीही त्याने अडते.

नर्सरीतून आणलेले रोप बहुधा कोकोपीटच्या गड्ड्यात असते. गड्डा तसाच जमिनीत पुरला की बाहेरची माती सुकते आणि आतला स्पंज ओलाच राहतो. बाहेरचे कोकोपीट बोटांनी हलकेच झाडून टाका, मुळे मोकळी करा, आणि गड्ड्याचा माथा जमिनीपेक्षा २-३ सेंमी वर ठेवून लावा. बुडखा मातीखाली गेला की मूळ चांगले असूनही खोड कुजते.

कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर देण्याची रीत आता सोडायला हवी. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही. वरची माती तुडुंब झाल्यावरच ते खाली सरकते. म्हणजे ओला पट्टा थरामुळे वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. २५-३० सेंमीची भाजक्या मातीची कुंडी, दोन भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), एक भाग चांगले कुजलेले कंपोस्ट. पावसात खालची बशी काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा.

आता औषधे. मलूल झुडूप दाखवले की दुकानदार चार बाटल्या काढतो: टॉनिक, ह्युमिक, मूळवाढीचे काहीतरी, वर एक बुरशीनाशक. पहिल्या तिन्हींनी कुजलेले मूळ परत येत नाही. मेटॅलॅक्सिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के या मिश्रणाची रूढ मात्रा लिटरला २ ते २.५ ग्रॅम, पण ते रोग दाबते, मेलेली मुळे उठवत नाही. शेजारचे झुडूप गेले असेल तर उरलेल्यांच्या बुडख्याशी लेबल वाचून, हातमोजे घालून एकदा द्या. निचरा सुधारल्याशिवाय मात्र तेही पैसे पाण्यात. ट्रायकोडर्मा, म्हणजे मित्रबुरशी, द्यायचा तर पाऊस लागण्याआधी, लिटरला ५ ग्रॅम, आणि रासायनिक औषधापासून दोन आठवडे लांब. निव्वळ अंदाज सांगायचा तर ट्रायकोडर्मापेक्षा खडीचा थर जास्त झुडपे वाचवतो.

जात निवडताना हवा बघा. अँगुस्टिफोलियाच्या हिडकोट, मनस्टेड या जातींना थंड, कोरडी हवा मानवते. दमट उष्म्यात डेंटाटा, म्हणजे दातेरी पानांचे लॅव्हेंडर, किंवा फिनॉमिनल हे लॅव्हेंडिन, म्हणजे संकरित लॅव्हेंडर, त्यामानाने तग धरते. फुलाच्या टोकावर कानासारख्या पाकळ्या दिसणाऱ्या स्टोइकासला चुना घालू नका, त्याला आम्लट माती मानवते.

बाकीची कामे:

– ऊन: रोज किमान ६ तास.
– मातीचा सामू (pH): ६.५ ते ७.५, माती तपासल्याशिवाय चुना किंवा राख नाही.
– अंतर: अँगुस्टिफोलिया ४५-६० सेंमी, लॅव्हेंडिन ९० सेंमी.
– पाणी: पहिल्या वर्षी माती सुकली की खोलवर, पुढे लांब उघडीप पडली तरच.
– खत: लागवडीला थोडे कंपोस्ट. युरिया नाही, फांद्या लुसलुशीत होऊन लोळतात, फूल कमी येते.
– छाटणी: फुले संपली की हिरव्या वाढीचा एक तृतीयांश भाग. पाने नसलेल्या जुन्या लाकडात कात्री घालू नका, तिथून फुटवा बहुधा येत नाही.
– पावसाआधी: आतल्या वाळक्या काड्या आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या काढून हवा खेळती करा.

पाऊस लागण्याआधी निरोगी झुडपाची ७ ते १० सेंमी लांबीची, फूल नसलेली दहाएक छाट कलमे घेऊन ठेवा. खालच्या अर्ध्या भागातली पाने काढून ती जाड वाळू-परलाइटमध्ये, पावसाच्या आडोशाला आणि सावलीत लावा. तीन ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. मूळकुजीने झुडूप गेलेच तर ते मातीच्या गोळ्यासकट उपटा, कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, खुरपे धुऊन सुकवा. त्या खड्ड्यात पुन्हा लॅव्हेंडर लावायचे नाही. हा रोग मातीत वर्षानुवर्षे टिकतो. नवी कलमे दुसऱ्या जागी, ढिगाच्या माथ्यावर, आळ्याविना.