अनुमापनाला बसण्यापूर्वी: तयारीची यादी

अनुमापन म्हणजे संहती (द्रावणात पदार्थ किती आहे ते) माहीत असलेल्या द्रावणाशी अभिक्रिया करून दुसऱ्या द्रावणाची संहती काढणे. इथे ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण, म्हणजे नेमकी संहती माहीत असलेल्या, द्रावणावरून सोडियम हायड्रॉक्साइडची संहती काढायची आहे असे धरू. पहिले काम तराजूवरचे. ०.०५ मोलर (लिटरला ०.०५ मोल) द्रावण २५० मिली हवे, तर स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल (मोलर वस्तुमान १२६.०७) १.५७६ ग्रॅम लागते. नेमका तोच आकडा यावा म्हणून काढत-घालत बसू नका, १.५८२ भरले तर तेच वहीत लिहा आणि संहती त्यावरून काढा. आम्ल बीकरमध्ये थोड्या पाण्यात पूर्ण विरघळू द्या, मग प्रमाण फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोन-तीनदा विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच घाला आणि मगच खुणेपर्यंत भरून नीट हलवा.

सोडियम हायड्रॉक्साइडचे वजन मात्र अंदाजेच असते, २५० मिलीला साधारण १ ग्रॅम. ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, म्हणून तर त्याचे अनुमापन करावे लागते. द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवा. हाताळताना चष्मा हवाच, डोळ्याला ते फार घातक आहे. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, तेव्हा पिपेट (ठरावीक मिली द्रव मोजून घ्यायची नळी) तोंडाने ओढायचे नाही; रबरी फुगा आधीच शोधून ठेवा.

आता विसळणे. सर्वांत जास्त निकाल इथेच बिघडतात, म्हणून सावकाश करा. ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणांची मोजनळी) पाण्याने धुतल्यावर हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने दोनदा विसळा. आत पाणी राहिले तर द्रावण पातळ होते, जास्त मिली खर्च होतात आणि संहती कमी निघते. पिपेट ऑक्झॅलिक आम्लाने विसळा. ते पाण्याने ओले राहिले तर आम्ल कमी जाते आणि संहती जास्त निघते. शंकुपात्र मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने. ते ओले असले तरी काही बिघडत नाही, कारण पिपेटने मोजलेले आम्लाचे मोल पाण्याने बदलत नाहीत. तेच आम्लाने विसळले तर मोजणीबाहेरचे आम्ल आत राहते.

ब्युरेट भरल्यावर नरसाळे काढून ठेवा, त्यातून मागाहून पडणारा थेंब वाचन चुकवतो. तोटीच्या टोकातला हवेचा बुडबुडा तोटी झटकन पूर्ण उघडून घालवा. तो अनुमापन चालू असताना निघाला तर तेवढे मिली फुकट मोजले जातात. वाचन डोळ्याच्या पातळीवर, द्रवाच्या वक्र पृष्ठाच्या तळाशी घ्या. ब्युरेटवर ०.१ मिलीच्या खुणा असल्या तरी ०.०५ पर्यंत अंदाज घ्या.

दर्शक (रंग बदलून अभिक्रिया पूर्ण झाल्याचे दाखवणारा पदार्थ) म्हणून फिनॉल्फ्थॅलीन, २५ मिली आम्लाला दोनच थेंब, कारण दर्शक स्वतःही सौम्य आम्ल आहे. मिथिल ऑरेंज इथे चालणार नाही: त्याचा रंग सामू (pH) ३.१ ते ४.४ मध्ये बदलतो, आणि या अभिक्रियेचा समतुल्यबिंदू, म्हणजे आम्ल नेमके संपते तो क्षण, ७ च्या वर असतो. शंकुपात्राखाली पांढरी फरशी किंवा कागद ठेवा. फिकट गुलाबी छटा ३० सेकंद टिकली की थांबा. नंतर ती ओसरली तर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम, आणखी थेंब घालू नका.

निरीक्षण तक्ता आधीच आखा: सुरुवातीचे वाचन, शेवटचे वाचन, फरक. पहिले अनुमापन केवळ अंदाजासाठी. त्यानंतरची तीन वाचने ०.१ मिलीच्या आत जुळली की त्यांची सरासरी घ्या. गणितात एका ऑक्झॅलिक आम्लाला दोन हायड्रॉक्साइड लागतात हे तक्त्याच्या डोक्यावरच लिहून ठेवा. हा २ विसरला तर उत्तर बरोबर निम्मे येते.