ट्रम्पेटवाल्याचा अल्बम, गाणारे पाहुणे आणि आपले कान

ट्रम्पेटवाल्याने जुनी, स्टँडर्ड म्हणवली जाणारी गाणी घेऊन पाहुण्या गायकांबरोबर केलेला अल्बम समोर आला की आधी डोळे जातात ते पाहुण्यांच्या यादीवर. ट्रम्पेट वाजवणाऱ्या क्रिस बोटीचा २००५ चा 'टू लव्ह अगेन' घ्या, त्यात स्टिंग आहे, मायकल बुब्ले आहे, ग्लॅडिस नाइट आहे, पॉला कोल आहे, एरोस्मिथचा स्टीव्हन टायलरसुद्धा आहे, मग आपण काय करतो, ओळखीचं नाव बघून ते गाणं लावतो, ते संपलं की पुढचं ओळखीचं नाव, आणि कव्हरवर ज्याचा फोटो आहे तो माणूस राहतो बाजूला. दोन गाण्यांनंतर मत तयार, 'छान आहे, मागे लावून ठेवायला बरं'. आता हा अल्बम मागे लावून ठेवायला खरंच बरा आहे, त्याबद्दल वाद नाही, पण या प्रकारचे अल्बम नीट ऐकायचे असतील तर एकच गोष्ट करायची. गायक गात असतो तेव्हा ट्रम्पेट काय करतंय, तिकडे कान लावायचा. सोलो, म्हणजे ट्रम्पेट एकटं पुढे येऊन वाजतं तो भाग, तर कुणालाही ऐकू येतो हो. खालची सगळी खटपट त्या एका गोष्टीसाठी आहे.

सुरुवात अल्बमपासून करूच नका, गाण्यापासून करा. स्टँडर्ड म्हणजे बहुतेक करून १९२० ते १९५० च्या दरम्यान ब्रॉडवेच्या नाटकांसाठी नाहीतर हॉलिवूडच्या सिनेमांसाठी लिहिलेली गाणी, जी पुढे जॅझवाल्यांनी इतकी वाजवली की मूळ नाटक कोणतं होतं ते लोक विसरले. अल्बमच्या यादीतलं असं एक गाणं निवडा आणि त्याचं कुणीतरी साधं, सरळ गायलेलं व्हर्जन शोधून आधी ते दोनदा ऐका, शब्दांसकट. कारण बॅलड, म्हणजे संथ, भावुक गाणं, चांगलं वाजवणारा ट्रम्पेटवाला शब्द धरून वाजवतो, ओळ जिथे संपते तिथे श्वास घेतो, महत्त्वाच्या शब्दावर सूर थोडा लांबवतो. शब्द माहीत नसतील तर हे काहीच कळणार नाही, नुसती गोड धून वाटेल. अर्थात याला अपवाद आहेत. टायलर जे गायलाय ते 'स्माइल' मुळात बिनशब्दांचं होतं, चार्ली चॅप्लिनने १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'साठी केलेली धून, शब्द आले थेट १९५४ मध्ये. त्यामुळे तिथे ट्रम्पेटचा हक्क गायकाच्या आधीचा आहे असं मी तरी मानतो.

मग मोजायला शिका. घाबरू नका, सोपं आहे. या गाण्यांपैकी खूप गाणी ३२ बारची असतात, आठ-आठ बारचे चार तुकडे, एका बारमध्ये चार बीट. पहिला तुकडा, तोच पुन्हा, मग एक वेगळा तुकडा ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी परत पहिला. तसं सगळ्याच गाण्यांचं नसतं, काहींची रचना वेगळी असते, पण हा साचा डोक्यात बसला की बाकीचे आपोआप पकडता येतात. पहिल्यांदा ब्रिज ओळखायचा असेल तर 'बॉडी अँड सोल' लावा, १९३० चं गाणं, त्यात ब्रिज आला की सगळंच अर्धा सूर वर सरकतं, एकदम खिडकी उघडल्यासारखं वाटतं, चुकूच शकत नाही तुम्ही. पाय हलवत डबल बेसकडे, म्हणजे खालच्या सुरांत वाजणाऱ्या त्या मोठ्या तंतुवाद्याकडे, लक्ष देऊन मोजा, ड्रम्सकडे नको, बॅलडमध्ये ड्रमवाला नुसते ब्रश फिरवत असतो आणि त्यावर मोजायला गेलात तर हरवाल.

हे मोजणं कशासाठी तर आता गंमत बघा. एक फेरी म्हणजे ३२ बार, म्हणजे १२८ बीट. हळू बॅलड, मिनिटाला ६० बीट धरले, तर एक फेरी दोन मिनिटं आठ सेकंदांची होते. पाहुण्याने एकदा पूर्ण गाणं गायलं की दोन मिनिटं गेली, गाणं सगळं मिळून साडेचार-पाच मिनिटांचं असणार, सुरुवातीची आणि शेवटची सजावट वजा करा, उरतात जेमतेम दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत ट्रम्पेटला मिळतात पहिले सोळा बार आणि ब्रिजवर गायक परत येतो. म्हणजे स्वतःच्या अल्बमवर त्याला एकसलग वाजवायला साधारण एक मिनिट. तेच गाणं मिनिटाला २०० बीटने उडवलं तर फेरी ३८ सेकंदांत संपते, मग सोलोच्या चार-पाच फेऱ्या सहज बसतात. त्यामुळे पाहुण्यांच्या बॅलड अल्बमवर 'सोलो लहान आहेत' ही तक्रार करण्यात फार अर्थ नाही, गणितच तसं आहे, आणि म्हणूनच गायकाच्या मागे काय वाजतंय ते जास्त महत्त्वाचं. शंका असेल तर फोनवर स्टॉपवॉच लावून एका गाण्यात ट्रम्पेट एकटं किती सेकंद आहे ते मोजून बघा.

आता मुख्य भाग. गायकाच्या ओळींमधल्या जागा भरणं, ज्याला फिल म्हणतात, ते शिकायला शंभर वर्षं मागे जावं लागतं पण इलाज नाही, जा. १४ जानेवारी १९२५, न्यूयॉर्क, ब्लूज गायिका बेसी स्मिथ 'सेंट लुइस ब्लूज' गातेय, सोबत फ्रेड लाँगशॉ हार्मोनियमवर, आणि कॉर्नेटवर, म्हणजे ट्रम्पेटच्याच जवळच्या वाद्यावर, तेवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, बस, तीनच माणसं. मायक्रोफोन नाही, भोंग्यासमोर उभं राहून केलेलं रेकॉर्डिंग आहे, खरखर असणार, सहन करा. बेसी ओळ गाते, तिचा आवाज शेवटच्या शब्दावर टेकतो आणि तिथून पुढची ओळ सुरू होईपर्यंत जी जागा उरते त्यात कॉर्नेट उत्तर देतं. उत्तर तिच्याच शेवटच्या सुराच्या आसपास सुरू होतं, थोडं वर चढतं, आणि ती पुन्हा तोंड उघडायच्या आत उतरून बाजूला होतं. एकदा फक्त तिचं ऐका, मग तेच परत लावून फक्त कॉर्नेट ऐका. हे तीनेक मिनिटांचं रेकॉर्डिंग नीट ऐकलं की नंतरच्या प्रत्येक ट्रम्पेट-गायक जोडीला लावायला एक मोजपट्टी मिळते.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. बेसी गाते त्या ब्लूज प्रकारात ओळीनंतर मोकळी जागा बांधूनच दिलेली असते, चार बारच्या ओळीत गायक साधारण निम्म्याहून थोडं जास्त घेतो आणि बाकी वाजवणाऱ्याचं. स्टँडर्डमध्ये तशी सोय नाही, चाल बऱ्याचदा सलग वाहते, फटी बारीक असतात. मग ट्रम्पेटवाल्यापुढे दोन-तीनच रस्ते उरतात, एक तर फटीत दोन-तीन सुरांचं काहीतरी टाकून गप्प व्हायचं, नाहीतर गायकाच्या खाली लांब सूर धरून ठेवायचा, नाहीतर सरळ काहीच वाजवायचं नाही. हा तिसरा रस्ता घ्यायला फार हिंमत लागते, स्वतःच्या अल्बमवर तर जास्तच.

यात आवाज बाईचा की पुरुषाचा यानेही बराच फरक पडतो. ट्रम्पेटचा मधला पट्टा आणि बहुतेक बायकांचा गाण्याचा पट्टा जवळपास एकमेकांवर येतात, त्यामुळे गायिकेच्या मागे वाजवताना धक्काबुक्की व्हायची भीती असते, वर जावं तर आवाज टोचतो, खाली जावं तर सूर जाड होतो. पुरुष खालच्या पट्टीत गात असेल तर वरची जागा मोकळी असते. शिवाय पट्टी ठरवतो गायक. नेहमीचं ट्रम्पेट बी-फ्लॅटचं असतं, पियानोच्या एक सूर वर लिहून वाजवावं लागतं, म्हणजे गायिकेने ए पट्टी मागितली की ट्रम्पेटवाल्यासमोर पाच शार्प, म्हणजे पाच चढे सूर, ई मागितली तर सहा. वाजवणारे वाजवतात, पण हातातली नेहमीची वळणं तिथे आपोआप येत नाहीत, आणि कधीकधी त्यामुळेच सोलो ताजा लागतो. तेव्हा एकाच अल्बमवर बाईबरोबरचं एक आणि पुरुषाबरोबरचं एक गाणं लागोपाठ लावा आणि ट्रम्पेट कुठल्या उंचीवर बसतंय एवढंच बघा.

म्यूट, म्हणजे आवाज बदलायला ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचं बूच, त्याबद्दल थोडक्यात, कारण अशा अल्बमवर तो हमखास असतो. बारीक, धातूचा, कानात कुजबुजल्यासारखा जो आवाज येतो तो हार्मन म्यूट. त्याच्या भोवती कॉर्कची पूर्ण रिंग असते त्यामुळे सगळी हवा म्यूटमधूनच जाते, मध्ये एक छोटी नळी असते, ती ठेवून हाताने झाकउघड केली की वा-वा असा आवाज येतो, काढून टाकली की तो मायल्स डेव्हिसने पन्नासच्या दशकात घराघरात पोचवलेला आवाज. याला मायक्रोफोन अगदी जवळ लागतो. गायकाच्या मागे हार्मन वापरणं हा वरच्या धक्काबुक्कीवरचा चांगला उपाय आहे, आवाजाचा पोतच वेगळा होतो, पट्टा एक असला तरी भांडण होत नाही. पण प्रत्येक बॅलडला हार्मन लागायला लागला की समजा सवयीने चाललंय. म्यूट नसूनही आवाज गोल आणि मऊ येत असेल तर ते फ्लुगलहॉर्न असू शकतं, ट्रम्पेटचाच भाऊबंद, अल्बमच्या माहितीत बघून खात्री करा.

आता ऐकायचं काय. माझा क्रम असा. पहिल्यांदा ट्रम्पेटवाला क्लिफर्ड ब्राउन, डिसेंबर १९५४ मध्ये त्याने एकाच महिन्यात सारा व्हॉन आणि हेलन मेरिल अशा दोघी गायिकांबरोबर अल्बम रेकॉर्ड केले, वय चोवीस, आणि १९५६ मध्ये तो कार अपघातात गेला. हे अल्बम गायिकांचे आहेत, तो तिथे पाहुणा, म्हणजे आपल्या विषयाच्या बरोबर उलट बाजू, म्हणूनच आधी ऐकायचे. मेरिलच्या अल्बमवरचं 'यू'ड बी सो नाइस टू कम होम टू' घ्या, अरेंजमेंट, म्हणजे कुणी कधी काय वाजवायचं याची मांडणी, क्विन्सी जोन्सची, आणि ब्राउनचा सोलो संपल्यावर गाणं परत कसं हाती घेतलं जातं ते ऐका. ही रेकॉर्डिंग मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, डावं-उजवं शोधत बसू नका. मग १९५६ चा 'एला अँड लुई', एला फिट्झजेराल्ड आणि वरचाच लुई आर्मस्ट्राँग, मागे ऑस्कर पीटरसन, हर्ब एलिस, रे ब्राउन आणि बडी रिच, बाकी कोणी नाही, ऑर्केस्ट्रा नाही, काही नाही. तिथे ट्रम्पेटवालाच अर्धं गातो, आणि गाताना वाजवता येत नाही हे उघड आहे, त्यामुळे तो ट्रम्पेट कधी उचलतो याकडे आपोआप लक्ष जातं. ट्रम्पेटवाल्या चेट बेकरचं थोडं ऐका, तो वाजवतो तसाच गातो, कमी कंप, कमी जोर, गायक आणि ट्रम्पेट यातलं अंतर कमी झालं की काय होतं ते कळेल.

त्यानंतर आजच्या अल्बमकडे या. ट्रम्पेटवाल्या टेरेन्स ब्लँचर्डचा २००१ चा 'लेट्स गेट लॉस्ट' मला या प्रकारातला सगळ्यात विचारपूर्वक केलेला वाटतो, कारण त्याने एकाच संगीतकाराची, जिमी मॅकह्यूची गाणी घेतली आणि डायना क्रॉल, जेन मोनहाइट, डायन रीव्ह्ज, कॅसँड्रा विल्सन अशा चार अगदी वेगवेगळ्या आवाजांना बोलावलं. संगीतकार एक, ट्रम्पेट एक, गळे चार, तुलना करायला आणखी काय पाहिजे. बोटी शेवटी ठेवा. त्याचं वाद्य १९३९ चं मार्टिन कमिटी नावाचं ट्रम्पेट, आवाज मखमली, मागे भरपूर स्ट्रिंग्स, म्हणजे व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं, आणि स्टिंगच्या 'व्हॉट आर यू डूइंग द रेस्ट ऑफ युअर लाइफ'च्या अरेंजमेंटला ग्रॅमीही मिळालं, बिली चाइल्ड्स, गिल गोल्डस्टीन आणि हेइटोर पेरेरा या तिघांना. ते ऐकताना मुद्दाम ट्रम्पेटवरून कान काढून स्ट्रिंग्सवर न्या, कारण जुन्या रेकॉर्डवर फटी भरायचं जे काम कॉर्नेट करत होतं त्यातलं बरंचसं इथे अरेंजरने आधीच कागदावर लिहून ठेवलंय. काहींना हे फार गुळगुळीत वाटतं, मलाही काही ठिकाणी वाटतं, पण निदान का वाटतं ते तरी बोट ठेवून सांगता येतं.

फसगत ओळखायच्या एक-दोन खुणा. गायकाने जी चाल नुकतीच गायली तीच ट्रम्पेटने जशीच्या तशी परत वाजवली, एकही सूर न हलवता, तर त्या सोळा बारमध्ये कुणीच काही केलेलं नाही. आणि गायक एखादी ओळ उशिरा टाकतो, थोडं खेळतो, तरी मागचं ट्रम्पेट आपलं ठरलेल्या जागीच येतंय, तर बहुधा दोघांनी वेगवेगळ्या दिवशी आपापलं रेकॉर्ड करून नंतर जोडलंय. त्यात गुन्हा काही नाही, आजकाल सर्रास चालतं, फक्त त्याला जुगलबंदी म्हणू नये.

शेवटची चाचणी सोपी आहे. अशा अल्बमवर बहुतेक वेळा एखाद-दुसरं गाणं पाहुण्याशिवाय असतं, बोटीच्या अल्बमवर 'एम्ब्रेसेबल यू' तसं आहे. ते शोधा आणि आधी शब्दांसकटचं व्हर्जन दोनदा ऐकून मग हे लावा. ऐकताना मनातल्या मनात शब्द त्या सुरांवर बसवत जा, कुठे श्वास घेतलाय, कुठे ओळ मोडलीये बघत. शब्द बसत गेले तर बाकीची गाणी पुन्हा पहिल्यापासून लावा, या वेळी पाहुण्यांची यादी न बघता.