सूर्यास्ताच्या फोटोत लाल सांभाळा

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघालं की आरे-वारेची टेकडी लागते. वर थांबलं की दोन्ही पुळणी एकदम दिसतात. माझे पहिले दोन हिवाळे तिथेच गेले आणि त्यातले बहुतेक सूर्यास्त मी वाया घालवले. ट्रायपॉड, शटर, आयएसओ, सरळ क्षितिज हे तुम्हाला येत असणारच, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मी जिथे अडकलो तेवढंच नीट सांगतो.

एका रिसॉर्टसाठी 4 फूट रुंद प्रिंट करायची होती. माझं पहिलं पैसे मिळणारं काम. मोबाइलवर फोटो झकास दिसत होता. प्रिंट उलगडली तर सूर्याभोवती परातीएवढा सपाट पिवळा डाग. ना केशरी, ना छटा. मालक फक्त "असं कसं झालं हो?" म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही, आणि आजही तो डाग डोळ्यांसमोर येतो.

कारण कळायला पुढे चार महिने गेले. खडक काळे दिसतात म्हणून मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वाढवत होतो. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख, उजव्या भिंतीला टेकला नाही ना, एवढंच बघायचो. पण कॅमेरा सहसा जो एकच पांढरा आलेख दाखवतो, तो उजेडाचा असतो. त्यात हिरव्याला सर्वांत जास्त वजन, लालला साधारण त्याच्या निम्मं. सूर्यास्ताचं आभाळ तर लालनेच भरलेलं. आलेख मध्यावर शांत दिसतो आणि लाल केव्हाच उडालेला असतो. पुढे काय होतं ते नीट समजून घ्या: लाल 255 ला, म्हणजे कमाल मर्यादेला, जाऊन थांबला, की एक्स्पोजर वाढेल तसा हिरवा एकटाच वर चढत राहतो. लाल अधिक हिरवा म्हणजे पिवळा. केशरीचा पिवळा असा होतो. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या डागावर कर्सर नेला तेव्हा टक्क्यांत आकडे दिसले: लाल 100, हिरवा 84, निळा 20. हायलाइट्सचा (उजळ भागांचा) स्लायडर तळाला नेला तरी तिथे फक्त मळकट गुलाबी कडं उमटलं. जे सेन्सरवर नोंदलंच गेलं नाही, ते एडिटिंगमध्ये कुठून आणणार?

म्हणून मेन्यूत जाऊन तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम आजच चालू करा. लालकडे बघूनच एक्स्पोजर ठरवा; बऱ्याचदा दीड स्टॉप खाली यावं लागतं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). खडक काळे पडतील, पडू देत. रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून, सावल्या बऱ्यापैकी वर येतात. धीर होत नसेल तर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घ्या आणि नंतर जोडा. हे हाताला बसायला आठ-दहा संध्याकाळी लागतात, जास्त नाही. तेव्हा घाबरून जाऊ नका.

मला हे दाखवलं ते प्रिंटिंग लॅबमधल्या काकांनी, एका दुपारी, चहा थंड होईपर्यंत. वीस जण एका रांगेत ट्रायपॉड लावतात तसल्या वर्कशॉपमध्ये मला यातलं काही मिळालं नव्हतं. माझं ठाम मत आहे की गुरू शोधायचा तर प्रिंट काढणारा शोधा, तो रोज चुका हाताळतो. प्रीसेटवर, म्हणजे दुसऱ्याने तयार केलेल्या रंगांच्या सेटिंगवर, पैसे घालवू नका. दुसऱ्याच्या आभाळाचा रंग तुमच्या आभाळाला बसत नाही. आणि आभाळच बदलून टाकणारं बटण दाबणार असाल, तर किनाऱ्यावर जायचे कष्ट तरी कशाला?

भरती-ओहोटीचा आमच्याकडचा जुना हिशेब पाठ करा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे सूर्यास्ताला ओहोटी. ओल्या वाळूत आभाळाचं प्रतिबिंब हवं तर हेच दिवस. अष्टमीला मात्र खालच्या खडकांवर उतरू नका. पाणी मागून वळसा घालून येतं, आणि शेवाळावरून धावता येत नाही. कॅमेरा गेला तर परत घेता येतो.

लेन्सवर खारं पाणी उडालं तर कोरड्या कापडाने चोळू नका, आधी ओलसर कापडाने टिपा.

सूर्याचं बिंब क्षितिजाला टेकल्यापासून सव्वादोन-अडीच मिनिटांत बुडतं. ते बुडालं की लोक गाड्यांकडे निघतात. माझीही घाई व्हायची. आता मी आणखी वीस-पंचवीस मिनिटं तिथेच उभा राहतो. लाल-हिरवा-निळा तिन्ही आलेख जवळ येतात, शटर चार-पाच सेकंदांवर जातं, लाटांचा धूर होतो, आणि ढगांच्या पोटाला जांभळा रंग चढतो. माझ्या भिंतीवर आज जी एकमेव प्रिंट आहे, ती याच वेळेतली.