सहीपूर्वी खरेदीखत कसे वाचावे

खरेदीखत नोंदवले जाते त्या दिवशी दोन्ही बाजूंना सारे ठाऊक असते. वाद बहुधा पुढच्या पिढीत उभा राहतो आणि तेव्हा न्यायालय आधी कागदच वाचते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 95 नुसार, म्हणजे 1872 च्या जुन्या कायद्यातील कलम 92 प्रमाणे, लेखी दस्तातील अटींना छेद देणारा किंवा त्यांत भर घालणारा तोंडी करार, फसवणूक किंवा चूक यांसारखे अपवाद सोडल्यास, पक्षकारांना पुढे आणता येत नाही.

म्हणून दस्ताचा मसुदा दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्यापूर्वी घरी आणून, व्यवहाराची काहीच माहिती नसलेल्या माणसाकडून वाचून घ्यावा आणि जिथे तो अडखळेल तिथे खूण करावी.

सर्वांत आधी मिळकतीचे वर्णन पाहावे. गट नंबर आणि क्षेत्र सात-बाराशी ताडून पाहावे. चतुःसीमेत "पूर्वेस लगतची जमीन" असे न लिहिता त्या शेजारच्या जमिनीचा गट नंबर लिहावा, कारण क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील तर न्यायालये सामान्यतः निश्चित चतुःसीमेला अधिक वजन देतात. मोहोळ किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातील कोरडवाहू पट्ट्यात जमिनीपेक्षा पाण्यावरून भांडणे होतात, तरीही "सामाईक विहिरीतील हिश्श्यासह" एवढेच लिहून पुढे जाण्याची सवय सुटत नाही. हिस्सा किती, पाळी कोणत्या वारी, मोटार आणि पाइपलाइन कोणाची, विहिरीपर्यंत जाण्याची वाट कोणत्या बांधावरून, हे सारे त्याच परिच्छेदात यायला हवे.

त्यानंतर अटी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. संपूर्ण दस्त एकत्र वाचून प्रत्येक कलमाला अर्थ देण्याचा न्यायालय प्रयत्न करते. मात्र दोन कलमांचा मेळ बसतच नसेल, तर हस्तांतर दस्तात आधीचे कलम टिकते, मृत्युपत्रात मात्र नंतरचे. पहिल्या कलमात कायमची विक्री आणि नवव्या कलमात "पाच वर्षांत रक्कम परत केल्यास जमीन परत" असे असेल, तर तो व्यवहार विक्री आहे की गहाण, हा प्रश्न उभा राहतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58(c) ला 1929 मध्ये जोडलेल्या परंतुकानुसार, म्हणजे मर्यादा घालणाऱ्या तरतुदीनुसार, अशी अट विक्रीच्या दस्तातच नसेल तर व्यवहार गहाण मानला जात नाही. सावकाराने वेगळ्या कागदावर दिलेल्या आश्वासनावर विसंबून जमीन लिहून देणाऱ्याने हे नीट समजून घ्यावे.

मोबदल्याच्या कलमात "मिळाला" आणि "मिळेल" यांतील फरक पाळावा. चेक वटण्यापूर्वी पूर्ण रक्कम पोहोचल्याचे लिहून देऊ नये.

अक्कलकोटकडे लिहून देणारा अनेकदा कानडी भाषक असतो. मजकूर त्याला कानडीत वाचून व समजावून दिल्याचे, समजावणाऱ्याच्या नावासह, दस्तात नमूद करावे. ही एक ओळ दोन्ही पक्षांचे रक्षण करते.

नोंदणीनंतर चूक आढळली, तर दोन्ही पक्षांनी चूकदुरुस्ती दस्त नोंदवावा. समोरचा नकार देत असेल, तर परस्पर चुकीमुळे किंवा फसवणुकीमुळे दस्तात खरा हेतू उतरला नसल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 26 खाली दुरुस्तीचा दावा करता येतो. परंतु दरम्यान कोणी सद्‌भावनेने व मोबदला देऊन ती मिळकत घेतली असेल, तर त्याच्या हक्काला बाध आणून दुरुस्ती मिळत नाही.