रविवारी नवी पिस्तुलं हाताळायला येणाऱ्यांसाठी

येत्या रविवारी आपल्या नेमबाजीच्या रेंजवर तीन नवी एअर पिस्तुलं येतायत. एक स्टायर, एक मोरिनी, एक पार्डिनी. तिन्हींचे मालक मोठ्या मनाचे आहेत, 'सगळ्यांनी मारून बघा' म्हणतायत. नंतर मळ्यात भरीत पार्टी आहेच. पण गेल्या खेपेला निम्मी सकाळ 'माझे छर्रे कुठं गेले' यातच गेली, म्हणून या वेळी आधीच लिहून टाकतो.

आधी कागदपत्रं, कारण तो विषय एकदाचा संपवायचा आहे. पॉइंट १७७ म्हणजे ४.५ मिमी नळीच्या, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. तरी मालकांनी बिल आणि आधार कार्ड पेटीतच ठेवावं. सातपुड्यातल्या गावठी कट्ट्यांमुळे चोपडा-शिरपूरकडच्या रस्त्यांवर पोलिसांची नजर बारीक असते, आणि डिकीतली काळी पेटी उघडल्यावर तिथं ऑलिंपिकचं भाषण ऐकायला कुणाला वेळ नसतो. पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप, छर्रे वेगळे. ज्यांच्याकडे परवान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे त्यांनी ते कृपया घरीच ठेवावं. परवाना तुमच्या नावावर आहे, 'दोन गोळ्या मारू दे ना भो' म्हणणाऱ्याच्या नाही. शिवाय आपली रेंज दहा मीटरची, छर्र्यांसाठी बांधलेली. मागची भिंत गोळी झेलायला केलेली नाही.

पिस्तुलाला लागणारी हवेची नळकांडी, म्हणजे सिलिंडर, शनिवारीच भरून घ्या. हवेचा दाब दोनशे बार म्हणजे दोनशेच, वर 'थोडी जास्त' नको. भरण्याआधी तिच्यावरची तारीख वाचा. स्पर्धेत दहा वर्षांवरचं सिलिंडर चालत नाही, मग आपल्याकडेही का चालवावं? पिस्तुलं नवी असली तरी जोडीला आलेली जादा सिलिंडरं जुनी असू शकतात. आत्ता थंडी आहे म्हणून ठीक, पण सवय आत्ताच लावा : सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत सोडायचं नाही. आपल्याकडचा मे आठवा, पारा पंचेचाळीसला टेकतो आणि बंद गाडी त्याच्याही वर जाते. मोरिनीचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे, तिच्यासाठी जादा सेल. बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि ॲलन चाव्यांचा संच कुणीतरी एकानंच आणायचा, तो मी आणतो. टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं होतं, तर आपली काय कथा.

छर्रे चपट्या तोंडाचेच आणा, टोकदार नकोत. कागदावर गोल, स्वच्छ भोक पडलं तरच गुण वाचता येतात. शक्यतो दोन प्रकारचे डबे असावेत, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. टार्गेटचे कागद माणशी वीस पुरतील. डोळ्यांना चष्मा, आणि नळीत घालायची रंगीत दोरी, जी लांबून दिसते तीच. दोरी दिसत नसेल तर पिस्तूल भरलेलं आहे असंच धरायचं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे बोट. नियमानं एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान पाचशे ग्रॅमचा असतो, म्हणजे निदान तेवढा जोर लावल्याशिवाय सुटत नाही. पण पाचशे आणि पाचशे यांत फरक असतो. एकाचा आधी थोडा सरकतो, मग अडतो, मग सुटतो. दुसऱ्याला अडल्याचं बोटाला कळेपर्यंत छर्रा गेलेला असतो. आपलं बोट जुन्या पिस्तुलावर हजारो वेळा शिकलंय, नवं हातात आलं म्हणून ते विसरत नाही. मी स्वतः मित्राचं पिस्तूल पहिल्यांदा उचललं तेव्हा हात वरून खाली येतानाच बार झाला. छर्रा काळ्या गोलाच्या वर, पार कागदाच्या बाहेर, आणि मी ट्रिगरला शिव्या देत बसलो. चूक ट्रिगरची नव्हती. म्हणून रविवारी प्रत्येकानं आधी पंधरा-वीस वेळा ड्राय करायचं. छर्रा नाही, ड्रायची सोय मालकाकडून समजून घेऊन, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून. मग पाच छर्रे टार्गेट उलटं लावून, कोऱ्या पाठीवर. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, ते दिसलं की माणूस गुण मोजू लागतो आणि पिस्तूल समजून घ्यायचं राहून जातं. मग खुशाल दहा छर्रे सरळ कागदावर. साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खाचेचे, स्क्रू मालकाला न विचारता फिरवायचे नाहीत. छर्र्यांचा गट डावीकडे पडला तर पडू द्या, तो एकत्र पडतोय का एवढं बघा.

मुठीचं माप विचारून ठेवा. डावखुऱ्या दोघांनी वाईट वाटून घेऊ नये, तिन्ही मुठी उजव्या हाताच्या आहेत, त्यांना फक्त ट्रिगर बघता येईल. आणि दुसऱ्याच्या मुठीला पॉलिश पेपर लावायचा मोह कुणालाही झाला तरी आवरायचा.

चाळीसगाव, अमळनेरहून मोटरसायकलवर येणाऱ्यांनी अर्धा तास आधी पोहोचावं. हँडलची थरथर मनगटातून लगेच जात नाही. बूट सपाट तळाचे. वही-पेन प्रत्येकाचं आपलं, मोबाइलवर लिहितो म्हणणारे नंतर व्हॉट्सॲपच बघतात.

रेंजवर खायचं काहीही आणू नका, केळी वेफर्ससुद्धा नाही. छर्रे शिशाचे असतात. साबणाची वडी मी नळावर ठेवतोय. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कळण्याच्या भाकरीला कुणीही हात लावायचा नाही, मग भरिताचा वास कितीही सुटलेला असो. वांगी आप्पा आणतायत, तुरीच्या काड्या मळ्यातच आहेत, कांद्याची पात कमी पडते दर वेळी, ती दोन जुड्या जास्त घ्या.